हाताने आखलेले जुने पट जमवायचे आहेत? मोनोपॉलीपासून सुरुवात करा

जुने छापील खेळ जमवणारे पुष्कळ आहेत. डबा, नियमांची पुस्तिका, सोंगट्या सगळं शाबूत असलं की सालाप्रमाणे भाव ठरलेला असतो. हा लेख त्यांच्यासाठी नाही. खेळ कारखान्यात जाण्याआधी कुणीतरी जेवणाच्या टेबलावर पट्टी, पेन्सिल, शाई घेऊन आखलेला पट ज्यांना हवाय, त्यांच्यासाठी आहे.

आधी 'पहिला पट' ही कल्पना डोक्यातून काढून टाका. नवखा माणूस इथेच गळाला लागतो. विकणारा 'ओरिजिनल फर्स्ट प्रोटोटाइप' असं लिहितो आणि घेणाऱ्याचा हात खिशाकडे जातो. डावपेचांचे चांगले खेळ सहसा एका माणसाने एका रात्रीत केलेले नसतात. मोनोपॉली तर जवळजवळ तीस वर्षं या घरातून त्या घरात नकलून पसरली, आणि प्रत्येक नकलेत कुणी गल्लीचं नाव बदललं, कुणी भाडं. तेव्हा शोधायचा तो पहिला नव्हे, तर या साखळीत नेमका कुठे बसतो ते दाखवता येईल असा पट. कुठल्या गावचा, कुणाच्या घरातला, कुठल्या पटावरून उतरवलेला, एवढं सांगता आलं तर तो ऐवज आहे. नाही आलं तर रंगवलेलं कापड.

आधी ही अवजारं जमवा

- दहापट आणि तीसपट भिंग. जवाहिरे वापरतात ते चालतं.
- ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च. नोटा तपासायची स्वस्त जांभळी टॉर्च पुरत नाही, तिच्यात साधा प्रकाशच फार असतो.
- मिलिमीटरची पोलादी पट्टी.
- नायट्राइलचे हातमोजे, आम्लरहित कागद, मऊ पेन्सिल. पटाजवळ पेन आणायचं नाही, झाकण लावलेलंसुद्धा नाही.
- १९३०च्या दशकातल्या खऱ्या छापील पटाचे मोठे, स्पष्ट फोटो. तुलनेसाठी हे लागतातच.

१. एकच खेळ धरा

सगळ्याच खेळांचे नमुने, म्हणजे छापण्याआधीचे प्रोटोटाइप, जमवू म्हटलं तर कशाचंच ज्ञान पक्कं होत नाही. मी नवख्याला मोनोपॉलीच सुचवतो. हाताने केलेले पट त्यात पुष्कळ झाले, आणि त्याचा इतिहास कोर्टात उलगडला गेल्यामुळे साक्षीपुराव्यांसकट नोंदला गेला आहे. ही सोय दुसऱ्या क्वचितच एखाद्या खेळाला आहे. शिवाय 'नवा व्यापार' खेळून मोठ्या झालेल्या माणसाला पटाची रचना नव्याने शिकवावी लागत नाही.

२. वंशावळ पाठ करा

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण पुढची सगळी तपासणी हिच्यावर उभी आहे.

मूळ खेळ एलिझाबेथ मॅगी या बाईंचा, नाव 'द लँडलॉर्ड्‌स गेम'. पेटंटचा अर्ज १९०३चा, पेटंट मिळालं ५ जानेवारी १९०४ला, क्रमांक ७४८६२६. हेन्री जॉर्ज या अर्थशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की कर फक्त जमिनीवर असावा. ते लोकांच्या गळी उतरवायला बाईंनी हा खेळ केला. त्यांच्या पटावर एका कोपऱ्यात पृथ्वीमातेवर श्रम केल्याची मजुरी मिळते, एका कोपऱ्यात सार्वजनिक बाग आणि कंगालांसाठीचं 'पुअर हाउस' आहे, आणि एका कोपऱ्यात पाय ठेवाल तर थेट तुरुंग, कारण ती कुणा लॉर्ड ब्लूब्लडची खासगी जमीन. ब्रेड, कोळसा, कपडे अशा निकडीच्या वस्तूंचीही घरं आहेत. यातलं एखादं घर हस्तलिखित पटावर दिसलं तर कान टवकारा. ती जुनी शाखा आहे.

हा खेळ डेलावेअरमधल्या आर्डेन या एककरवादी, म्हणजे जमिनीवरचा एकच कर मानणाऱ्यांच्या, वसाहतीत रुजला. तिथून स्कॉट निअरिंग या प्राध्यापकांनी तो व्हार्टन या व्यापारशिक्षणाच्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांपर्यंत नेला. विद्यार्थी सुट्टीला घरी जाताना पट नकलून नेत. पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंगचे थुन बंधू, त्यांच्याकडून विल्यम्स कॉलेजात खेळ शिकलेला डॅनियल लेमन, लेमनमुळे इंडियानापोलिस शहर, अशी साखळी गेली. लेमनने १९३२ साली 'फायनान्स' नावाने खेळ छापलाही. इंडियानापोलिसमध्ये हा खेळ शिकलेल्या रूथ हॉस्किन्स या शिक्षिकेने तो न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीत नेला. तिथल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी आपल्या शहरातले रस्ते पटावर चढवले आणि जेसी रेफर्डने जागांच्या किमती बसवल्या. त्या मंडळींकडून तो फिलाडेल्फियाकडे चार्ल्स टॉडकडे आला आणि टॉडने चार्ल्स डॅरोला शिकवला. डॅरोने १९३३ साली आपल्या नावाने कॉपीराइट घेतला आणि १९३५ साली खेळ पार्कर ब्रदर्स या खेळांच्या कंपनीला विकला. त्याच कंपनीने त्याच वर्षी मॅगीबाईंचं १९२४ सालचं दुसरं पेटंट ५०० डॉलरला विकत घेतलं. बेकार डॅरोला घरात बसल्याबसल्या खेळ सुचला, ही गोष्ट मात्र पुढे कित्येक दशकं चालली. ती मोडली १९७०च्या दशकात, राल्फ अनस्पाक या प्राध्यापकाच्या 'अँटी-मोनोपॉली' या खेळावरून कोर्टात खटला चालला तेव्हा. त्याने जुने खेळाडू शोधून काढले, आणि या हातारेखित पटांना कोर्टात पुराव्याचं मोल आलं.

हे पाठ कशासाठी? पटावरची गावं आणि रस्ते हाच त्याचा जन्मदाखला असतो. इंडियानापोलिसचे रस्ते दिसले, तर पट अटलांटिक सिटीच्या फाट्याआधीचा किंवा त्याला समांतर. जागांच्या किमती पटावर लिहिलेल्याच नाहीत, तर जागांचा लिलाव करायच्या जुन्या रीतीशी ते जुळतं. पटावर लिहिलेल्या ठरावीक किमती ही अटलांटिक सिटीकडची सोय.

३. एका अक्षरावर नजर ठेवा

अटलांटिक सिटीजवळच्या एका वस्तीचं नाव आहे 'मार्व्हेन गार्डन्स'. मार्गेट आणि व्हेंटनर या दोन गावांच्या नावांतून ते जुळवलेलं, म्हणून त्यात 'व्हे' हवा. टॉडने पट उतरवताना तिथे इंग्रजी 'ई'च्या जागी 'आय' लिहिला आणि ते 'मार्व्हिन' झालं. डॅरोने टॉडचा पट तसाच उचलला, पार्कर ब्रदर्सने डॅरोचा, आणि ती चूक लाखो डब्यांवर छापली गेली.

म्हणून पिवळ्या रंगाच्या तिसऱ्या घराशी भिंग धरा. अटलांटिक सिटीचे रस्ते आहेत आणि स्पेलिंग बरोबर आहे, तर पट टॉडच्या आधीच्या फांदीवरचा असण्याची शक्यता वाढते. चुकीचं असेल तर तो टॉडनंतरचा, आणि बहुधा छापील खेळावरूनच उतरवलेला. ही चाचणी एकटी पुरेशी नाही. हल्ली बनावट करणाऱ्यांनाही ही गोष्ट माहीत असते आणि ते मुद्दाम बरोबर स्पेलिंग लिहितात. तरी साधा, घाईतला विक्रेता इथेच उघडा पडतो.

४. छापील खेळाची नक्कल ओळखा

बाजारात येणाऱ्या हातारेखित मोनोपॉलींतला मोठा ढीग १९३५ नंतरचा असतो. मंदीचे दिवस होते, खेळ दुकानात होता पण पैसे नव्हते, म्हणून लोक मित्राच्या पटावरून घरी उतरवून घेत. आपल्याकडेही सुट्टीत कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर व्यापारचा पट आखणारी पोरं होतीच. अशा पटांत गोडवा असतो, मी ते घेतोही, पण त्यांना नमुना म्हणत नाही आणि नमुन्याचे पैसे देत नाही.

खुणा सोप्या आहेत. 'गो'चा मोठा लाल बाण, गजाआडचा कैदी, शिट्टी वाजवणारा पोलीस, नळ, दिवा ही चित्रं हौशी हाताने काढलेली दिसली, तर समोर डॅरोचा किंवा पार्करचा पट होता. चिठ्ठ्यांवर टोपी आणि मिशावाले श्रीमंत काका असतील तर १९३६च्या अलीकडचं, कारण ते काका चिठ्ठ्यांवर आले १९३६ साली. पटाच्या मध्यभागी कर्णरेषेत 'मोनोपॉली' असं मोठं लिहिलंय? मग ती छापील खेळाची नक्कल, यात शंकाच उरत नाही.

उलट, सोबत धातूच्या सोंगट्या नाहीत म्हणून नाराज होऊ नका. घरगुती खेळात लोक बटण, अंगुस्तान, कानातलं, जे हाताला लागेल ते फिरवत. जुन्या हस्तलिखित पटासोबत चकचकीत धातूची मोटार आणि बूट निघाले, तर ते बहुधा नंतर कुणीतरी टाकलेत.

५. वस्तू बोलते, तिला बोलू द्या

इथे वेळ काढा. विक्रेता घाई करत असेल तर तेवढ्यावरूनच उठून या.

शाई. अमेरिकेत बॉलपेन दुकानात आलं ऑक्टोबर १९४५मध्ये. तीसपट भिंगाखाली बॉलपेनची रेघ ओळखू येते: जागोजागी शाईचा चिकट ठिपका, आणि कागदात दबलेली घळ. '१९३२चा पट' म्हणून दाखवलेल्या कापडावर भाड्याचे आकडे बॉलपेनचे असले, तर निदान ते आकडे नंतरचे. पूर्ण पट टाकायची गरज नाही, एखाद्या नातवाने पुसट आकडे पुन्हा गिरवलेले असू शकतात. खालची जुनी रेघ दिसते का, ते पाहा. जाड टोकाच्या मार्करने रंगवलेले पट्टे १९५०च्या दशकाकडे बोट दाखवतात. घासून उठवायची अक्षरं, म्हणजे लेट्रासेट, १९६१च्या आधी कुणाकडेही नव्हती.

पाया. मेणकापड, तागाचं कापड, पुठ्ठा, लाकडी फळी हे सगळं चालतं. मेसोनाइटची दाबलेली फळी १९२४च्या आधी शक्य नाही, म्हणून '१९१०चा लँडलॉर्ड' तिच्यावर असेल तर प्रश्नच मिटला. पारदर्शक चिकटपट्टी १९३० साली बाजारात आली. चिकटपट्टीखाली गेलेली शाई चिकटपट्टीच्या आधीची, वर चढलेली नंतरची.

अतिनील प्रकाश. दुसऱ्या महायुद्धानंतर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात उजळक घालू लागले, आणि अंधारात टॉर्च मारली की असा कागद निळसर चमकतो. नोटा, चिठ्ठ्या, मालकीची कार्डं यांच्यावर ही चाचणी उत्तम चालते. कापडावर मात्र निर्णय देऊ नका. जुना तागाचा पट कुणी एकदा जरी आजच्या साबण पावडरीत धुतला असेल, तरी तो चमकेल.

घड्या. बनावट करणारा कापड चहाच्या पाण्यात बुडवतो, चुरगाळतो, मग आखतो. खऱ्या पटात आधी आखणी, मग वर्षानुवर्षं घडी. म्हणून भिंग घडीवर धरा. रंग घडीच्या ठिकाणी तुटून पडलेला असेल तर क्रम बरोबर. शाई घडीच्या खाचेत उतरून आजूबाजूला पसरली असेल, तर घडी आधी होती आणि आखणी नंतर झाली. चहाचा डाग सगळीकडे सारखा बसतो. वापराचा मळ तसा नसतो. तो फासे पडतात तिथे, कडांना हात टेकतात तिथे, आणि तुरुंगाच्या घराभोवती जास्त असतो, कारण या खेळात सगळ्यांत जास्त मुक्काम तिथेच होतो.

छपाई. डॅरोच्या आणि मॅगीबाईंच्या पटांच्या आधुनिक प्रतिकृती निघतात, आणि काही जण त्या कापडावर छापून 'हातारेखित' म्हणून विकतात. दहापट भिंगात रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली की भिंग खिशात ठेवा.

आणि पेन्सिल शोधा. हाताने आखणारा माणूस आधी फिकट रेघ मारतो, चुकतो, खोडतो. कोपऱ्यावर दहावं घर मावत नाही म्हणून शेवटची दोन घरं अरुंद झालेली असतात. गोल पट असेल तर मध्ये कंपासचं किंवा खिळ्याचं भोक हवं. डॅरोचा मेणकापडावरचा प्रसिद्ध पट गोलच आहे. या खोडाखोडीचं मला फार प्रेम आहे. नीटनेटका, प्रत्येक घर मिलिमीटरपर्यंत सारखं असलेला पट पाहिला की मी आधी सावध होतो.

६. मालकीचा माग कागदावर घ्या

तोंडी गोष्टीला बाजारात किंमत नाही. 'आजीच्या माळ्यावर सापडला' हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत असतं. तुम्हाला हवं ते असं:

- पट कुणाच्या घरात, कुठल्या गावी, साधारण कुठल्या सालापासून होता, याचं विक्रेत्याच्या सहीचं पत्र
- घरातल्या कुणाचा आर्डेनशी, व्हार्टनशी, अटलांटिक सिटीच्या क्वेकर मंडळींशी संबंध असेल तर त्याचा कागद: शाळेचं वार्षिक, सभेची नोंद, जुनं पत्र
- पट टेबलावर असलेला घरगुती फोटो, असल्यास
- आधीच्या विक्रीची पावती किंवा लिलावाच्या सूचीतलं पान
- दोन्ही बाजूंचे, चारही कोपऱ्यांचे आणि घड्यांचे फोटो, विक्रेत्यानेच काढलेले

कुटुंबाशी बोलायला मिळालं तर 'हा पट किती जुना?' असं विचारू नका. लोक मोठ्या मनाने दहा वर्षं वाढवून सांगतात. त्यापेक्षा 'तुम्ही कसे खेळायचे?' असं विचारा. जागा विकत घ्यायच्या की लिलाव व्हायचा, खेळाला काय म्हणायचे, कुणी शिकवलं, पैसे कशाचे होते. खेळायची रीत माणूस सहसा बनवून सांगत नाही, आणि तीच पटाशी ताडून पाहता येते.

डेलावेअर, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, इंडियाना हे या पटांचं मूळ माहेर. न्यू जर्सीत आणि फिलाडेल्फियाच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना यात मोठी संधी आहे. घर रिकामं करताना होणाऱ्या इस्टेट सेल त्यांच्या गल्लीत शनिवारी सकाळी लागतात. खेळांच्या डब्यांपेक्षा तिथे टेबलक्लॉथ आणि नकाशांचा ढीग आधी चाळा. गुंडाळलेला पट घरच्यांनाही ओळखू येत नाही.

७. दुसऱ्या खेळांकडे वळताना

मोनोपॉलीवर नजर बसली की बाकीचे खेळ धरा, पण प्रत्येकाची एकेक नाडी आधी माहीत करून घ्या.

स्क्रॅबलचा कर्ता आल्फ्रेड बट्स वास्तुविशारद होता. त्याचा पहिला खेळ 'लेक्सिको'. त्याला पटच नव्हता, फक्त अक्षरांचे ठोकळे. त्यामुळे 'लेक्सिकोचा मूळ पट' असं कुणी विकत असेल तर हसून पुढे जा. पट आला १९३८च्या सुमारास 'क्रिस-क्रॉस वर्ड्‌स'मध्ये, आणि तो बट्सने आपल्या धंद्याच्या सवयीने नकाशासारखा आखून ब्लूप्रिंट काढून केला. म्हणजे इथे हाताची रेघ नव्हे, ब्लूप्रिंटचा कागद तपासायचा.

युद्धखेळांत चार्ल्स रॉबर्ट्सचा 'टॅक्टिक्स' १९५४ साली निघाला, चौकोनांच्या जाळीवर. त्याच्या कंपनीच्या खेळात षटकोनी जाळी आली ती १९६१च्या 'गेटिसबर्ग'च्या आवृत्तीत. 'टॅक्टिक्सचा नमुना' म्हणून षटकोन दाखवले तर पुढे बोलायची गरज नाही.

सिड सॅक्सन हे नाव लक्षात ठेवा, 'अक्वायर'वाले. पुलांचे इंजिनियर होते आणि संध्याकाळी खेळ रचत. त्यांचा अवाढव्य संग्रह २००२ साली त्यांच्या मृत्यूनंतर लिलावात विखुरला. त्यांच्या डायऱ्या मात्र न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला 'द स्ट्राँग' या खेळांच्या संग्रहालयात आहेत. कुठल्या दिवशी कुठल्या खेळावर काम केलं, कुणी येऊन खेळून पाहिलं, हे ते लिहून ठेवत. त्यांच्या नावाने नमुना विकायला आला तर डायरीतल्या नोंदीशी जुळवता येतो, ही चैन दुर्मिळ आहे.

८. लिलाव आणि भाव

भावाचं वरचं टोक माहीत असू द्या, म्हणजे भ्रम राहत नाही. डॅरोचा मेणकापडावरचा पट फोर्ब्स संग्रहातून डिसेंबर २०१०मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात आला आणि १,४६,५०० डॉलरला गेला. 'द स्ट्राँग'नेच तो घेतला. तुमच्या समोरचा पट तो नाही. विक्रेता त्या आकड्याशी तुलना करू लागला तर विषय बदला.

सूचीतली भाषा नीट वाचा. 'बाय' म्हणजे जबाबदारी घेऊन सांगितलेलं नाव. 'अॅट्रिब्यूटेड टू' म्हणजे आम्हाला वाटतं. 'इन द मॅनर ऑफ' म्हणजे दिसायला तसं आहे, एवढंच. या तिन्हींच्या भावांत जमीनअस्मानाचा फरक हवा. हातोडा पडतो त्या रकमेवर खरेदीदाराचं प्रीमियम, कर, पॅकिंग आणि विमा चढतो, म्हणून कमाल बोली ठरवताना उलटा हिशेब करा: दाराशी येईपर्यंत किती घालवायचे ते ठरवा आणि त्यातून खाली या. वस्तुस्थितीचा अहवाल लेखी मागा. एका लिलावघराने मला फोनवर 'कंडिशन एक्सलंट' सांगितलं आणि मेलवर तेच लिहायला नकार दिला. तो नकार हाच अहवाल होता.

९. भारतात आणताना

बँकेतून पैसे पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली जातात. पॅन आणि ए-२ फॉर्म लागतो, खरेदीचं बिल जोडा.

कस्टमसाठी कुरियरवाला केवायसी मागतो. बिलावर 'टॉय' असं लिहू देऊ नका. खेळण्यांना बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) प्रमाणपत्राची सक्ती आहे आणि शुल्कही जबर, त्यामुळे ऐंशी-नव्वद वर्षांचं मेणकापड बालसुरक्षेच्या नियमात अडकून पडतं. खोटं लिहायचं नाही, जे आहे ते पूर्ण लिहायचं: हाताने आखलेला वापरलेला पट, अंदाजे साल, देश, संग्राह्य वस्तू. टेबलावरचे खेळ ९५०४ या शीर्षकात मोडतात, ऐतिहासिक महत्त्वाच्या संग्राह्य वस्तू ९७०५मध्ये, आणि ९७०६ हे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी. १९३३चा पट आज ९७०६मध्ये बसत नाही, विक्रेता कितीही 'अँटिक' म्हणो. कुठलं शीर्षक लावायचं ते कस्टम ब्रोकरला माल निघण्याआधी विचारा. माल गोदामात येऊन पडल्यावर विचारलं तर भाडंही तुम्हीच भरता.

उलट दिशेने जाणाऱ्यांनी जास्त जपावं. आजोळचा रंगवलेला मोक्षपट, गंजिफांचा जोड किंवा कशिद्याचा सारीपाट शंभर वर्षांहून जुना असेल, तर १९७२च्या पुरावस्तू कायद्याने खासगी माणसाला तो देशाबाहेर नेता येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र घ्या, आणि मगच बॅगेत भरा.

१०. जपायचं कसं

मेणकापड पुन्हा घडीवर घडी घालू नका, तडे तिथेच जातात. रुंद आम्लरहित नळीवर, आखलेली बाजू बाहेर ठेवून, मध्ये आम्लरहित कागद घालून गुंडाळा. आखलेली बाजू आत घेतली तर रंग दाबला जाऊन सुरकुततो. कागदी पट पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात सपाट ठेवा. लॅमिनेशन केलं की पट संपला, ते परत निघत नाही. चिकटपट्टी तर नकोच.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बुरशी हा खरा शत्रू आहे. सिलिका जेल ठेवा आणि ते वाळवत, बदलत राहा. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून नको. डांबरगोळ्या पटाशेजारी टाकू नका. भिंतीवर लावायचाच असेल तर प्रत लावा.

११. नोंदवही, आणि सराव घरचा

प्रत्येक पटाला क्रमांक द्या आणि वेगळ्या वहीत लिहा: माप, पाया, शाई, घरांची नावं एका ओळीत क्रमाने, स्पेलिंगच्या चुकांसकट, कुणाकडून, केव्हा, कितीला. घरांच्या नावांचा क्रम सगळ्यात महत्त्वाचा. दोन पट एकाच मूळ पटावरून उतरलेत का, हे चुका जुळल्यावर कळतं.

डॉलर खर्च करण्याआधी या सगळ्याचा सराव आपल्याच घरी करा. मामा-मावश्यांकडे, जुन्या बाजारात, रद्दीवाल्याकडे हाताने आखलेले व्यापार, सापशिडी, वाघबकरी निघतात. पैसे थोडे जातात आणि नजर तयार होते. दादर, पार्ला, गिरगाव यांच्या किमती कुठल्या घरी कशा बदलल्या, हे जुळवण्यात मजाही आहे. माळ्यावरची पिशवी सापडली तर त्यातला पट एकटा उचलू नका. हिशेबाचा चिटोरा, पुठ्ठ्याच्या नोटा, काडेपेटीतल्या चिंचोके-कवड्या, सगळं एकत्रच राहू द्या. आणि आखला कुणी, असं मावशीला विचारण्याआधी फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा.